उजेड दाखवणारे घड्याळ

नोव्हेंबर १९८८ मध्ये जॉन वॉकर यांनी सन वर्कस्टेशन या संगणकासाठी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला सनक्लॉक असे नाव दिले. वॉकर हे ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. पडद्यावरच्या एका चौकटीत जगाचा काळा-पांढरा नकाशा आणि त्याखाली वेळ, एवढाच या प्रोग्रॅमचा पसारा होता. नकाशाच्या ज्या भागात रात्र असेल तिथले रंग उलटे दिसत, त्यामुळे पृथ्वीवर या क्षणी कुठे उजाडले आहे आणि कुठे अंधारले आहे हे एका नजरेत कळे. पुढे सिडनी विद्यापीठातील जॉन मॅकिन यांनी तो एक्स विंडो प्रणालीवर आणला आणि युनिक्स वापरणाऱ्या असंख्य संगणकांवर तो पोहोचला. आणखी काही वर्षांनी ग्रनोबल येथील नामवंत गणिती झाँ-पिएर दमायी यांनी त्याची मोठी आवृत्ती तयार केली. नकाशावरच्या एखाद्या शहरावर टिचकी मारली की तिथली कायदेशीर वेळ आणि तिथली सूर्याची वेळ, अशा दोन्ही वेळा ती दाखवू लागली. आज अशा नकाशांची शेकडो रूपे संगणकांवर आणि फोनवर आहेत. बहुतेक लोक त्यांच्याकडे पडद्याची सजावट म्हणून पाहतात. माझे म्हणणे असे की हे खरेखुरे घड्याळ आहे, आणि दूरच्या ठिकाणी किती वाजले या प्रश्नामागे आपल्याला जे जाणून घ्यायचे असते त्याचे उत्तर ते आकड्यांच्या घड्याळापेक्षा अधिक प्रामाणिकपणे देते.

या घड्याळाचे यंत्र विलक्षण साधे आहे. सूर्य या क्षणी पृथ्वीवरच्या कोणत्या बिंदूच्या बरोबर डोक्यावर आहे, एवढेच त्याला ठाऊक असावे लागते. त्या बिंदूचे अक्षांश म्हणजे सूर्याची क्रांती. ती वर्षभरात सुमारे साडेतेवीस अंश उत्तर ते साडेतेवीस अंश दक्षिण एवढी सरकते. त्याचे रेखांश दर तासाला १५ अंशांनी पश्चिमेकडे जातात. हा बिंदू एकदा सापडला की त्याच्यापासून चहूबाजूंना ९० अंशांवर असलेले वर्तुळ, म्हणजे प्रकाशवृत्त, हीच दिवस आणि रात्र यांची सीमा. गोलावर ते नेहमी एक स्वच्छ वर्तुळच असते. गोल उलगडून सपाट नकाशा केला की मात्र त्याचा आकार ऋतूप्रमाणे पालटतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दोन सरळ उभ्या रेषा दिसतात. जूनमध्ये उजेडाचे क्षेत्र उत्तरेकडे फाकते आणि उत्तर ध्रुवाभोवतीचा संपूर्ण पट्टा उजळून निघतो. डिसेंबरमध्ये तोच आकार उलटा होतो. सूर्याचे स्थान काढण्यासाठी वॉकर यांनी बेल्जियन खगोलगणिती झाँ मेयस यांच्या पुस्तकातले सूत्र वापरले. ते पुस्तक मुळात खिशातल्या गणकयंत्रावर आकडेमोड करणाऱ्या हौशी मंडळींसाठी लिहिलेले होते. त्या सूत्राची अचूकता अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत जाते. एक हजार बिंदू रुंदीच्या नकाशावर एक बिंदू म्हणजे ०.३६ अंश, विषुववृत्तावर सुमारे ४० किलोमीटर, आणि एवढे अंतर सरकायला सीमारेषेला ८६ सेकंद लागतात. म्हणजे मिनिटातून एकदा चित्र पुन्हा काढले तरी डोळ्यांना चूक सापडू शकत नाही.

ही कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. जेम्स किलबर्ग यांचे जिओक्रॉन हे भिंतीवरचे यांत्रिक घड्याळ १९६० च्या दशकात आले. त्यात मागून उजळलेला नकाशाचा पट्टा हळूहळू सरकतो आणि रात्रीच्या सावलीचा आकार दिवसागणिक बदलत जातो. पण मला याहून मोलाचा वाटतो तो आर्यभटीयातला विचार. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथातल्या गोलपादात आर्यभट सांगतो की, लंकेत सूर्योदय होतो तेव्हा सिद्धपुरात सूर्यास्त, यवकोटीत मध्यान्ह आणि रोमकात मध्यरात्र असते. ही चार स्थळे विषुववृत्तावर एकमेकांपासून ९० अंशांवर कल्पिलेली आहेत. त्यांतली लंका म्हणजे उज्जैनच्या रेखावृत्तावरचा विषुववृत्तीय बिंदू, आणि बाकीची स्थळे प्रत्यक्ष नकाशावर शोधायची नाहीत. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की, पृथ्वीवर एकाच क्षणी सर्व प्रहर नांदत असतात ही गोष्ट त्याने एका वाक्यात मांडली, आणि ती मांडताना घटिका-पळांचा एकही आकडा वापरला नाही. उदय, अस्त, मध्यान्ह आणि मध्यरात्र या उजेडाच्या अवस्थांनीच त्याने वेळ सांगितली. सनक्लॉकचा नकाशा हेच विधान दर मिनिटाला नव्याने करत असतो.

आता आकड्यांकडे वळू. घड्याळातला आकडा निसर्गाचा आहे असे आपण गृहीत धरतो, पण त्यातला मोठा भाग माणसांच्या कराराचा असतो. वॉशिंग्टनमध्ये १८८४ साली भरलेल्या परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त मूळ मानले आणि त्यानंतर एकेक देश आपली प्रमाणवेळ ठरवत गेला. भारतात १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटांनी मागे होती. शहराने हा बदल मुकाट्याने स्वीकारला नाही. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी काम नाकारून निषेध केला, महापालिकेत यावरून रणे माजली आणि मुंबई टाइम स्वातंत्र्यानंतरच्या काळापर्यंत तग धरून राहिला. सूर्य त्या सगळ्या वर्षांत मुंबईच्या माथ्यावर पूर्वी येत होता त्याच क्षणी येत राहिला, फक्त त्या क्षणाला कोणता आकडा द्यायचा यावर वाद चालू होता. सामोआचे उदाहरण त्याहूनही ठसठशीत आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून या देशाने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि थेट ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. ३० डिसेंबर ही तारीख सामोआच्या दिनदर्शिकेत आलीच नाही. त्या रात्री उजेडाचा नकाशा पाहणाऱ्याला मात्र काहीही वेगळे दिसले नसते, कारण सीमारेषा नेहमीच्या गतीने त्या बेटांवरून सरकून गेली.

याचा परिणाम संगणकाच्या आतही पाहायला मिळतो, आणि माझ्या मते या चर्चेतला तो सर्वांत बोलका पुरावा आहे. जगातल्या देशांनी घड्याळे केव्हा पुढे-मागे केली, कुठे केली, कधी निर्णय फिरवले याची एक भलीमोठी नोंदवही संगणक जवळ बाळगतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. कुठल्यातरी सरकारने काहीतरी ठरवले म्हणून तिच्यात वर्षातून अनेकदा दुरुस्ती करावी लागते. १९८८ ची नोंदवही आज वापरली तर अमेरिकेची उन्हाळी वेळ चुकेल, कारण तिचे नियम २००७ पासून बदलले. सामोआ चुकेल, आणि तेव्हा अखंड असलेल्या सोव्हिएत संघातल्या कितीतरी शहरांच्या वेळा चुकतील. त्याच १९८८ सालच्या सनक्लॉकमधले सूर्याचे सूत्र मात्र आज जसेच्या तसे चालवले तरी पडद्यावरची रेषा बरोबर जागी येते. पुण्याहून न्यूयॉर्क आणि लंडन या दोन्हींशी काम करणाऱ्यांना याची झळ दर मार्चमध्ये बसते. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्कचे अंतर साडेदहा तासांवरून साडेनऊवर आलेले असते आणि लंडनचे मात्र साडेपाचवरच असते. ठरलेल्या बैठका चुकतात आणि मुलांना फोन करणाऱ्या आजीआजोबांचा हिशेब कोलमडतो. नकाशावरची रेषा या काळात कुठेही उडी मारत नाही.

यावर एक सरळ आक्षेप येतो. माणसे सूर्यावर जगत नाहीत, घड्याळावर जगतात. बँक दहाला उघडते, बाहेर उजेड असो वा नसो. मग न्यूयॉर्कला उजाडले आहे हे कळून काय साधले, तिथे किती वाजले तेच कळायला हवे. आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. काशगरचा विचार करा. सगळ्या चीनला एकच वेळ आहे आणि ती १२० अंश पूर्व रेखावृत्ताची. काशगर आहे ७६ अंशांवर, त्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा बीजिंगच्या घड्याळात दुपारचे जवळपास तीन वाजलेले असतात. नुसता नकाशा पाहून तिथल्या सरकारी कचेरीचा दरवाजा केव्हा उघडेल हे सांगता येणार नाही. पण नुसता आकडा पाहूनही तिथल्या माणसाचा दिवस समजणार नाही. सकाळचे आठ हा आकडा ऐकून आपण कोवळे ऊन कल्पितो, आणि हिवाळ्यातल्या काशगरमध्ये त्या वेळी अजून रात्र असते. म्हणूनच काशगर ज्या प्रांतात आहे त्या शिनजियांगमध्ये अनेक लोक दोन तास मागची अनधिकृत वेळ पाळतात. सरकारी आकडा निरुपयोगी ठरला तेव्हा लोकांनी उजेडाकडे पाहून दुसरा आकडा घडवला. स्पेनमध्येही १९४० पासून मध्य युरोपची वेळ चालत आली आहे, आणि पश्चिम टोकाच्या विगोमध्ये उन्हाळ्यात मध्यान्ह दुपारी अडीचनंतर होतो. स्पॅनिश लोक उशिरा जेवतात असे म्हणताना ही गोष्ट सहसा कोणी जमेस धरत नाही. दमायी यांनी एका टिचकीत दोन्ही वेळा दाखवण्याची जी सोय केली तिचे मोल इथे कळते. त्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या ठिकाणच्या राज्यकर्त्यांनी सूर्याला किती बाजूला सारले याचे मोजमाप.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे, आणि तो खगोलशास्त्र जाणणाऱ्यांकडून येतो. पडद्यावरची ती धारदार रेषा खोटी आहे, असे ते म्हणतात. प्रत्यक्षात पृथ्वीवर असा कुठलाही काठ नाही. हे बरोबर आहे. वातावरणामुळे प्रकाशाचे वक्रीभवन होते आणि क्षितिजावरचा सूर्य सुमारे ३४ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचललेला दिसतो. शिवाय सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे आणि तिची त्रिज्या सुमारे १६ कला. तबकडीची वरची कड दिसली की आपण सूर्योदय झाला म्हणतो, म्हणजे तेव्हा सूर्याचे केंद्र क्षितिजाच्या ५० कला खाली असते. हा हिशेब धरला तर कुठल्याही क्षणी पृथ्वीचा निम्मा नव्हे, सुमारे ५०.७ टक्के भाग सूर्य पाहत असतो. त्यापलीकडे संधिप्रकाश आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत आकाशात उजेडाचा काही ना काही अंश उरतो. १८ अंश म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर जवळपास दोन हजार किलोमीटर रुंदीचा पट्टा. तो वगळला तर पूर्ण काळोखी रात्र पृथ्वीच्या केवळ ३४.५ टक्के भागावर उरते. ही आकडेमोड साधी भूमिती आहे, कोणालाही करून पाहता येईल. तरीही दिवस आणि रात्र पृथ्वीला अर्धे-अर्धे वाटून घेतात या आपल्या ठाम समजुतीला ती चांगलाच धक्का देते. म्हणजे आक्षेप मान्य केल्यावर नकाशा टाकून द्यावा लागत नाही, त्यात छटा भराव्या लागतात. ६, १२ आणि १८ अंशांचे तीन पट्टे क्रमाने गडद केले की तो खऱ्या आकाशाच्या पुष्कळ जवळ जातो, आणि चांगले प्रोग्रॅम तसे करतातही. आकड्यांच्या घड्याळात संध्याकाळ दाखवण्याची अशी कुठलीच जागा नाही.

याच सीमेच्या पट्ट्यावर ज्यांचे काम चालते असेही लोक आहेत. हौशी रेडिओ चालवणारे, म्हणजे हॅम, यांच्या खोलीत हा नकाशा हमखास सापडतो. आयनांबरातला सर्वांत खालचा डी थर दिवसा लघुलहरी शोषून घेतो. सूर्य मावळताच तो लवकर विरतो, पण लहरी परतवणारा वरचा थर मात्र बराच वेळ टिकतो. त्यामुळे सूर्योदय-सूर्यास्ताच्या पट्ट्यात दोन्ही टोकांना असलेल्या केंद्रांचे बोलणे, एरवी शक्य नसलेल्या अंतरावर, थोड्या वेळासाठी जुळून येते. कोणत्या देशाशी आता बोलणे होईल हे त्यांना घड्याळातल्या आकड्यांच्या कोष्टकातून काढता येत नाही, रेषा कुठून कुठे जाते तेच पाहावे लागते. इस्रोचे रिसॅट-१ आणि ईओएस-०४ हे रडार उपग्रह तर या रेषेला धरूनच फिरतील अशा कक्षेत सोडले गेले. अशा कक्षेत विषुववृत्त स्थानिक वेळेनुसार सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ओलांडले जाते, आणि त्यामुळे उपग्रहाच्या सौरपंखांना जवळजवळ अखंड ऊन मिळते.

नकाशाच्या आकाराबद्दलची तक्रार मात्र मला पूर्ण पटते. गोल पृथ्वी आयतात बसवली की ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. त्यातच पुष्कळ नकाशे अंटार्क्टिका कापून टाकतात, आणि मग जूनमध्ये पाहणाऱ्याला जगभर दिवसच जास्त आहे असे वाटते. कापलेल्या त्या पट्टीत भारताचे मैत्री हे केंद्र आहे, ७०.८ अंश दक्षिणेला, जिथे मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य उगवतच नाही. कर्क जॉन्सन यांच्या एक्सअर्थ या प्रोग्रॅमने अवकाशातून दिसावा तसा गोल दाखवून ताणाचा प्रश्न सोडवला, पण गोलाची एका वेळी एकच बाजू दिसते. दोन्हींतला एकही निर्दोष नाही. सगळे जग एकदम पाहायचे असेल तर सपाट नकाशा घ्यावा आणि तो अंटार्क्टिकासकट घ्यावा.

उरतो तो शेवटचा आणि वरवर सर्वांत सयुक्तिक वाटणारा आक्षेप: दोन ठिकाणच्या वेळांतला फरक पाठ असेल तर नकाशा हवाच कशाला? मुंबई आणि गुवाहाटी यांच्या सूर्योदयात अमुक मिनिटांचा फरक, झाले. पण असा एकच फरक अस्तित्वात नाही, आणि हे नकाशाइतके स्पष्ट दुसरे काहीच दाखवत नाही. सीमारेषा वर्षातले दोन दिवस सोडले तर नेहमी तिरपी असते. मुंबई आणि तिरुवनंतपुरम घ्या. रेखांशांच्या हिशेबाने तिरुवनंतपुरमला सूर्य सुमारे १६ मिनिटे आधी यायला हवा. २१ जूनच्या आसपास मुंबईत सूर्योदय सहा वाजून दोन मिनिटांनी होतो आणि तिरुवनंतपुरमला सहा-पाचला, म्हणजे पूर्वेकडचे शहर किंचित मागेच राहते. डिसेंबरच्या अयनदिनी मुंबई सात-सातपर्यंत थांबते आणि तिरुवनंतपुरमला साडेसहालाच उजाडलेले असते. जूनमधली सकाळची रेषा उत्तरेकडे पुढे झुकलेली, डिसेंबरमधली दक्षिणेकडे. पडद्यावर तिचा कल पाहिला की हे कोडे उलगडते, पाठांतराने नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. पंचांगकर्ते ज्याला वेलांतर म्हणतात त्यामुळे सूर्याचा मध्यान्ह घड्याळाच्या मध्यान्हापेक्षा फेब्रुवारीत सुमारे १४ मिनिटांनी मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटांनी पुढे धावतो. दिवस सर्वांत लहान २१ डिसेंबरच्या सुमारास, तरी मुंबईतला सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो, तो याच कारणाने.

भारताला दोन प्रमाणवेळा असाव्यात का, हा वाद या तिरप्या रेषेशी थेट जोडलेला आहे. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये तसा प्रस्ताव मांडला आणि ८९ अंश ५२ कला पूर्व रेखावृत्ताजवळ, बंगाल आणि आसाम यांच्या अरुंद सीमेवर, वेळेची हद्द सुचवली. आसामचे चहाचे मळे तर जुन्या काळापासून एक तास पुढची बागान वेळ पाळत आले आहेत. एकच वेळ हवी म्हणणारे रेल्वेच्या सुरक्षेचा मुद्दा काढतात आणि तो हलका नाही. पण दोन्ही बाजू बहुधा एकच आकडा धरून बोलतात: पूर्व-पश्चिम अंतर इतक्या अंशांचे, म्हणजे इतक्या मिनिटांचे. मुंबई आणि गुवाहाटी यांच्यात रेखांशांनुसार सव्वा तासाचे अंतर आहे. एक शहर प्रमाण रेखावृत्ताच्या पश्चिमेला जितके दूर, जवळपास तितकेच दुसरे पूर्वेला, त्यामुळे वरवर पाहता भार समसमान वाटला आहे. प्रत्यक्षात जूनच्या सकाळी गुवाहाटीला साडेचारला सूर्य उगवतो आणि मुंबईचा सूर्योदय त्यानंतर दीड तासाने होतो. डिसेंबरच्या सकाळी हे अंतर तासाभरावर येते, आणि तेवढीच भर संध्याकाळी पडते. शाळा, कचेऱ्या आणि दुकाने एकाच घड्याळाने चालत असताना गुवाहाटीत सूर्य चार वाजून छत्तीस मिनिटांनी मावळतो. त्या वेळी मुंबईच्या सूर्यास्ताला अजून दीड तास बाकी असतो.